शाळेतील जळणकाम : कुऱ्हाड की करवत?

शारीरिक शिक्षणाच्या तासाला जळणाचे काम द्यायचे असे ज्या शिक्षकांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न अवजाराचा असतो. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती कुऱ्हाड द्यावी की दोघांनी ओढायची करवत? 1937 च्या वर्धा परिषदेत पुढे आलेल्या नई तालीमच्या, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या विचाराच्या, दृष्टीने दोन्ही कामे मोलाचीच. व्यायाम म्हणून मात्र त्यांत बराच फरक आहे.

कुऱ्हाडीचा घाव नुसत्या खांद्यातून येत नाही, तो पाय, कंबर आणि पाठ यांच्या मेळातून बसतो. सुबाभळीचा सरळ ओंडका एका घावात दुभंगला की मुलाला होणारा आनंद करवत देऊ शकत नाही, हे मी मनापासून मान्य करतो. करवतीला ताल लागतो. प्रत्येकाने फक्त आपल्याकडे ओढायचे आणि समोरचा ओढू लागला की हात सैल सोडायचा. कोणी ढकलले तर पाते वाकून अडकते, त्यामुळे शिक्षकांनी सांगण्याआधीच जोडी एकमेकांना सांभाळून घेऊ लागते.

माझा कौल ठरला तो दांड्यामुळे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की लाकडी दांडा आक्रसतो आणि कुऱ्हाडीचे पाते हलू लागते. रात्रभर बादलीत भिजत घातले तर सकाळी ते घट्ट वाटते, पण फुगलेले लाकूड वाळले की पूर्वीपेक्षाही सैल होते. नवी पाचर ठोकून वेळ निभावते, तरी प्रत्येक तासापूर्वी प्रत्येक कुऱ्हाड हातात घेऊन, दांडा धरून, पाते हलवून पाहावेच लागते. निसटलेले पाते कोठे जाईल याचा नेम नसल्याने एक मूल घाव घालत असताना बाकीचा वर्ग लांब उभा राहतो, आणि व्यायामाचा तास वाट पाहण्यात जातो.

करवतीचे दात कानशीने घासावे लागतात आणि ओल्या बाभळीत ती रुतते, हेही खरे. परंतु वाळलेल्या मनगटाएवढ्या फांद्या घेतल्या तर चार जोड्या शेजारी-शेजारी काम करू शकतात. दमट हवेच्या गावांतील शिक्षकांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. आपल्याकडे मात्र वर्गाला करवत द्यावी, आणि जाड ओंडके फोडण्यासाठी कुऱ्हाड हिवाळ्यात, नववीच्या निवडक मुलांना, एकेकाजवळ उभे राहून शिकवावी, असे मला वाटते.