आठ वेळा लाल आलंय, आता हिरवाच येणार

ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत माझी उभी हयात गेली. त्यामुळे ‘यंत्राला मागचं काही आठवत नसतं’ असं कुणी म्हटलं की मला हसू यायचं. लोखंडाला सगळं आठवतं. ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, नेमका कोणत्या क्षणी उघडला, त्यावर कोअरमध्ये, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्यात, किती चुंबकत्व उरणार ते ठरतं. पुढे कधीतरी तोच ट्रान्सफॉर्मर चार्ज करायला, म्हणजे त्याला पुन्हा वीज द्यायला जावं, तर ते उरलेलं चुंबकत्व आपला हिशेब चुकता करतं. कधी गुपचूप चालू होतो, तर कधी पूर्ण लोडच्या आठ-दहा पट करंट खेचून असा घुमतो की नवखा माणूस दोन पावलं मागे सरकतो. लोखंडाच्या या आठवणीला हिस्टेरिसिस म्हणतात. युइंग नावाच्या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात हा शब्द रूढ केला. हे पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे याच ज्ञानाने माझा घात केला. अडाणी असतो तर कदाचित वाचलो असतो.

खेळ अगदी साधा होता. फोनवरचं ॲप, दर मिनिटाला एक फेरी, लाल किंवा हिरवा. बरोबर आलं तर रक्कम दुप्पट. वरच्या बाजूला मागच्या पन्नास फेऱ्यांचे ठिपके रांगेने लावलेले. मी आधी पैसे लावलेच नाहीत, नुसता त्या ठिपक्यांकडे बघत बसायचो. आणि दिसायला लागलं हो! लाल-लाल-हिरवा, लाल-लाल-हिरवा. हा इतिहास ते आपल्याला फुकट का दाखवताहेत, हा प्रश्न काही पडला नाही. कॅसिनोतही रूलेटच्या, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकात चेंडू टाकून खेळायच्या जुगाराच्या, टेबलाशी मागचे आकडे दाखवणारे फलक असतात. त्या आकड्यांनी मालकाचं नुकसान होत असतं तर त्याने ते झाकून नसते का ठेवले?

मग ‘सर’ भेटले. मेसेजवरच, चेहरा कधी पाहिला नाही. “साहेब, तुम्ही टेक्निकल माणूस, पॅटर्न तुम्हाला लगेच कळेल.” सरांनी रोज एक असे सात दिवस सात अंदाज फुकट दिले आणि सातही बरोबर आले. आठव्या दिवशी फी भरली. सातही अंदाज बरोबर यायला दैवी शक्ती लागत नाही, १,०२४ माणसं लागतात. अर्ध्यांना लाल कळवायचं, अर्ध्यांना हिरवा. चुकलेल्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांना पुन्हा अर्धं करायचं. सात दिवसांनी आठ जण उरतात, आणि ते आठही जण सरांच्या पायाशी. पुढे बरेच दिवस मी समजत होतो की आपल्याला फसवलं ते असं. प्रत्यक्षात त्यांना एवढीसुद्धा मेहनत करावी लागली नव्हती.

सरांचा फॉर्म्युला असा: एकच रंग सलग आला की विरुद्ध रंगावर लावायचं आणि हरलो की डबल करायचं. एक, दोन, चार, आठ. सलग आठ वेळा हरलात की मूळ रकमेच्या २५५ पट गेलेले असतात आणि नवव्या खेपेला २५६ पट लावायचे असतात. कशासाठी? एक पट जिंकण्यासाठी! हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. मी तो केला नाही, कारण आठ वेळा हरणं मला अशक्य वाटत होतं. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० फेऱ्या होतात. प्रामाणिक नाणं उडवत बसलात तरी एवढ्या फेऱ्यांत सलग आठ किंवा जास्त वेळा लाल येण्याचे प्रसंग सरासरी दोन-तीन असतात. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक वाढवून वाढवून लावत गेले आणि धुऊन निघाले. त्याच वर्षी मार्कोव्ह नावाचा रशियन गणिती एका काव्यातली २०,००० अक्षरं मोजत होता. तिथे मागच्या अक्षराचा पुढच्यावर परिणाम खराच होता. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण जेमतेम १३ टक्के होतं, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचं ६६ टक्के. म्हणजे भाषेला मागचं आठवतं, लोखंडाला आठवतं, रूलेटच्या चेंडूला आठवत नाही. मी चेंडूला लोखंड समजलो.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी नुसता मूर्ख ठरलो असतो. फसवणूक पुढेच आहे.

एका संध्याकाळी भाचीने माझा चेहरा ओळखला. तिने काही न बोलता स्वतःच्या फोनवर तेच ॲप घेतलं, नवं खातं उघडलं आणि स्वागताच्या बोनसमधले थोडे लावले. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. प्रत्येक फेरीला एक नंबर असतो, तो वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसतो. मी हिरव्यावर जबर लावले होते, तिने हिरव्यावर किरकोळ. माझ्याकडे लाल आला.

“मामा, माझा हिरवा आलाय.”

“तुझी फेरी वेगळी असेल.”

तिने फोन माझ्या फोनला चिकटवून धरला. दोन्हीकडे नंबर तोच, शेवटचे चार आकडे ०४१७. रंग वेगळे. पुढच्या फेऱ्यांतही तेच. ती थोडे लावायची आणि जिंकायची, मी डबल करायचो आणि हरायचो.

म्हणजे त्या खेळाला स्मरणशक्ती होती, पण रंगांची नव्हे, माझी! मी किती भरले, कधी हरलो, हरल्यावर किती मिनिटांनी पुन्हा भरतो, हे सगळं त्याला ठाऊक होतं. सुरुवातीला काढलेली छोटी रक्कम पाच मिनिटांत खात्यावर आली होती, तीही त्यातलीच. मोठी रक्कम काढायला गेलो तेव्हा ‘आधी टॅक्स भरा’ असा मेसेज आला. लक्षात ठेवा, आपलेच पैसे काढण्यासाठी आणखी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. मी थांबलो नाही, टॅक्सही भरला.

त्याच रात्री स्क्रीनशॉट काढले, बँकेला कळवलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. स्क्रीनशॉट आधी काढले हे बरं झालं, कारण सकाळी खातं उघडेना. सर तर कधीच गायब झाले होते.

तीन आठवड्यांनी एक फोन आला. फार अदबीने बोलत होता. तुमची अडकलेली रक्कम सोडवून देतो, फक्त फाइल उघडायची फी आधी भरावी लागेल, म्हणाला. मी विचारलं, माझी किती रक्कम अडकली आहे असं तुम्हाला वाटतं?

तो आकडा मी घरात कुणालाही सांगितला नव्हता, भाचीलासुद्धा नाही. त्याने तो शेवटच्या अंकापर्यंत बरोबर सांगितला.