हात लावून बघा, थंड आहे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना पॅटर्नची ड्रॉइंग करून देणं हे माझं काम. घर वडगावात. खाली मागाची खडखड, वर माझी खोली. मॉडेल रात्री रेंडरला लावायचं, म्हणजे कॉम्प्युटरकडनं त्याचं पक्कं चित्र काढून घ्यायचं, आणि सकाळी पार्टीला पाठवायचं, असं चाललेलं. जुनं मशीन दम खायला लागलं म्हणून गेल्या फेब्रुवारीत सेकंडहँड कॉम्बो (प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम एकत्र) घेतला आणि साडेअठरा हजारांना बसलो. तसलाच माल अजून विकला जातोय आणि घेणारी बहुतेक खानापूर-निपाणीकडून शिकायला आलेली पोरं आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकानाचं नाव लिहीत नाही. एका बोळात वरच्या मजल्यावर आहे एवढं पुरे. दुकानदार फोनवर कन्नडमध्ये बोलत होता, मला बघून मराठीत आला. पाच मिनिटांत माझं गाव, आडनाव, मामाचं घर सगळं विचारून झालं. "आपल्या माणसाला टोपी घालून मी कुठं जाऊ?" हे वाक्य त्यानं चहा यायच्या आधी म्हटलं आणि चहा गेल्यावर परत म्हटलं. आपल्याकडं या वाक्यावर माणूस निम्मा विरघळतो. मीही विरघळलो.

कॉम्बोत रायझन ७ २७०० हा आठ कोअरचा प्रोसेसर, बी४५० बोर्ड, सोळा जीबी रॅम आणि वर लिक्विड कूलर. प्रोसेसरच्या बॉक्समधला पंखा काढून लिक्विड बसवलंय म्हणजे गरम व्हायचा प्रश्नच नाही, असं त्याचं म्हणणं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, त्यानं आठही कोअर ४.२ गिगाहर्ट्झच्या वेगाला बांधले होते, व्होल्टेज १.४२५. मला तेव्हा त्या आकड्याचं काही वाटलं नाही. हा प्रोसेसर कंपनीकडून ६५ वॉटचा म्हणून येतो. इतका ताणला की तो दीडशे वॉटच्या घरात जातो, हे मला नंतर कळलं.

मग डेमो. सिनेबेंच हा प्रोसेसरला ताण देऊन बघणारा प्रोग्रॅम एकदा पळवला, स्क्रीनवर तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. प्रोसेसर ७१ अंश. खाली 'मदरबोर्ड' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, बोर्ड ४१. काढा फोटो." शेवटी प्रोसेसरच्या डाव्या बाजूच्या काळ्या हीटसिंककडं, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडं, बोट केलं. "हात लावून बघा, थंड आहे."

लावला. खरंच थंड होतं.

पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी अठरा टक्के वर लागतील, बघा, मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो." मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं: कॉम्बो, रक्कम, टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस. साडेआठ हजार रोख दिले, दहा हजार यूपीआयनं.

पहिला आठवडा झकास. म्हणजे वॉरंटीचा आठवडा. त्यात मी ड्रॉइंगच करत होतो, रेंडर लावलंच नव्हतं. लावलं तेव्हा वीसेक मिनिटं मशीन सुसाट पळालं आणि मग एकदम गचकलं. माऊस हलवला की दोन सेकंदांनी हलायचा. वेगाचा ४२०० मेगाहर्ट्झचा आकडा कोसळून पाचशे-सहाशेवर. जरा वेळानं परत वर, परत खाली. प्रोसेसरचं तापमान बघावं तर ७० सुद्धा नाही. दुकानात फोन केला तर "विंडोज परत मारा." मारलं. "लाइटचा व्होल्टेज खालवर होत असेल, स्टॅबिलायझर घ्या." घेतला, अडीच हजारांचा. तो आता आईच्या फ्रिजला आहे, म्हणजे अगदीच वाया गेला असं नाही.

एप्रिलात उन्हाचा तडाखा वाढला आणि मशीन रात्रीतून आपोआप बंद पडायला लागलं. पंप हाउसिंगचं एक काम त्यात गेलं. सकाळी सहाला उठून बघतोय तर स्क्रीन काळी आणि खोलीत जळक्या बेकेलाइटसारखा वास.

मामा तीस वर्षं फाउंड्रीत भट्टीवर होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण उष्णतेतलं कळतं. मी सांगत होतो की हीटसिंक तर गार लागतंय, तर म्हणाले, "साचा वरनं गार हाय म्हणून आतला रस गार झाला म्हणतोस व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेंटेनन्सवाल्याकडनं टेंपरेचर गन घेऊन आले.

ही गन उघड्या चकचकीत धातूवर मारली की आकडा फार कमी दाखवते, हे मामांनीच सांगितलं. म्हणून हीटसिंकच्या फासळ्यांवर जिथं रंग उडून ॲल्युमिनिअम चमकत होतं तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर माप घेतलं. प्राइम९५ हा सतत ताण देणारा प्रोग्रॅम लावून वीस मिनिटं थांबलो. हीटसिंक ४६. मग कॅबिनेटची मागची बाजू उघडली, प्रोसेसरमागं पत्र्याला जी चौकोनी खिडकी असते तिथून बोर्डाच्या पाठीवर, बरोबर हीटसिंकच्या मागच्या जागेवर गन धरली. ११३.

मामा काही बोलले नाहीत. गन परत एकदा मारली. ११४.

आता ही जागा काय आहे ते सांगतो. पॉवर सप्लायमधून बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात सव्वा ते दीडच्या मधले. हे उतरवण्याचं काम व्हीआरएम करतं, म्हणजे छोट्या मॉस्फेट चिपांची रांग, शेजारी चोकची चौकोनी ठोकळी आणि कपॅसिटर. दीडशे वॉट १.४ व्होल्टला द्यायचे म्हणजे करंट शंभर अँपिअरच्या वर जातो. आमच्याकडं शंभर अँपिअर म्हटलं की वेल्डिंग मशीन आठवतं. त्या रूपांतरात दहा-पंधरा टक्के वीज जिथल्या तिथं उष्णता होऊन जाते, म्हणजे पंधरा-वीस वॉट. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न काय करतं ते माहीत असेल तर अंदाज येईल. मॉस्फेट स्वतः सव्वाशे अंशांपर्यंत सोसतात, काही दीडशेही, पण शेजारचे कपॅसिटर साधारण १०५ चे असतात आणि दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे. व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणा फार तापली की प्रोसेसरला आवर म्हणून खूण करते. माझं मशीन गचकायचं ते यामुळं. विंडोजचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

तरी हीटसिंक गार का? स्क्रूवर एक गोल स्टिकर होता, 'काढल्यास वॉरंटी रद्द'. सोलला, स्क्रू काढला. एकच होता, दुसऱ्या भोकात स्क्रूच नव्हता. खाली थर्मल पॅडच्या (उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणाऱ्या मऊ पट्टीच्या) जागी दोन बाजूंनी चिकटणारी फोमची टेप! आरसा भिंतीला लावतात तसली. फोम म्हणजे उष्णतेला गोधडीच. हीटसिंकही या बोर्डाचं नव्हतं. भोकं जुळावीत म्हणून एक कानस मारून लांबवलेलं आणि वर काळा स्प्रे. मॉस्फेटभोवतीचा बोर्ड तांबूस झाला होता. मूळ हीटसिंक कुठं गेलं देव जाणे.

म्हणजे त्यानं मला हात लावायला सांगितलं ते थंड होतं म्हणूनच धोका होता. खालची उष्णता वर पोचतच नव्हती. आणि ४१ हा आकडाही खोटा नव्हता. 'मदरबोर्ड' नावाचा सेन्सर बोर्डावर भलतीकडं कुठंतरी असतो, त्याला व्हीआरएमची झळसुद्धा लागत नाही. या बोर्डावर व्हीआरएमचा सेन्सर प्रोग्रॅममध्ये दिसतच नाही. ताप काखेत बघायचा सोडून माणसाच्या चपलेत थर्मामीटर ठेवल्यासारखं.

लिक्विड कूलरनंही घातच केला. बॉक्समधला पंखा खाली वारा मारतो, त्यातला थोडा आजूबाजूला पसरून व्हीआरएमला लागतो. लिक्विडचा पंप नुसता प्रोसेसरवर बसतो आणि पंखे कॅबिनेटच्या दुसऱ्या टोकाला. प्रोसेसर गार, शेजारी वारा बंद.

दुकानात गेलो. त्यानं आधी स्टिकर बघितला. "सील तुटलंय की. तुम्हीच काढून काहीतरी लावला असाल." सील तोडायच्या आधीचा फोटो मी काढला नव्हता. इथं माझी बाजू लुळी पडली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीतनं बोलता येतं. तक्रार नोंदवली, दुकानाकडनं उत्तर आलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणंही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगात फी पडत नाही. दुकानदार म्हणत होता, "तुम्ही धंद्याला घेतलात, तुम्ही ग्राहक नव्हे." तेही खरं नाही, स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं 'धंद्यासाठी'मध्ये धरत नाहीत. पण माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नावच नाही आणि दहा हजार गेलेत ते भलत्याच कुणाच्या नावावर. वकील म्हणाले, केस उभी राहील पण चालताना लंगडेल. अठरा टक्के वाचवायला गेलो ते असे.

बोर्ड मी टाकला नाही. फोम खरवडून काढला. पॅड किती जाडीचा लागतो ते मामांनी काढलं. फाउंड्रीत कोअर (साच्याच्या आत बसवतात तो गाभा) आणि साच्यातलं अंतर बघायला मातीची गोळी ठेवतात, तशी भाच्याच्या खेळातल्या मातीची चिमूट मॉस्फेटवर ठेवून हीटसिंक दाबलं आणि सपाट झालेली चकती मोजली. सव्वा मिलिमीटर. दीडचा पॅड आणला, दाबून बसला. ट्यूबमधली पेस्ट इथं चालत नाही, एवढी फट ती भरू शकत नाही. दुसरा स्क्रू घातला, हीटसिंकसमोर ८० मिलिमीटरचा पंखा तिरका बांधला आणि ४.२ चा हट्ट सोडून ३.९ वर, १.२५ व्होल्टला आणलं. रेंडरला पूर्वीपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो. बोर्डाची पाठ ७१ च्या वर गेली नाही. हीटसिंक ६२. आता त्यावर हात ठेववत नाही.

तुम्ही घ्यायला गेलात तर अर्धा तास मागा. प्रोसेसर सेकंदात तापतो, व्हीआरएमला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि सिनेबेंचचा एक फेरा मिनिट-दीड मिनिटात संपतो. लोड चालू असताना क्लॉकची, म्हणजे वेगाची ओळ बघत बसा, तापमानाची नव्हे. हीटसिंक जरा हलवून बघा, दोन्ही स्क्रू मोजा. तो चहा मागवेल. घ्या की, चहा चांगला असतो.

परवा जुने मेसेज चाळताना डेमोच्या दिवशीचा माझा फोटो सापडला. ७१, ४१, सगळं आहे. एचडब्ल्यूइन्फोच्या खिडकीच्या तळाशी किती वेळ चालू आहे तेही दिसतं, तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं. तीन मिनिटं बारा सेकंद. दुकानदाराच्या व्हॉट्सॲप स्टेटसला आज नवा कॉम्बो लागलाय, 'लिक्विड कूल्ड, ओसी रेडी', म्हणजे वेग ताणायला तयार. फोटो मोठा करून तळ बघितला. दोन मिनिटं पन्नास.