तीन तारे : आकडे बरोबर, सल्ला चूक

कावीळ होऊन बारा दिवस झाले होते तेव्हा लॅबचं हे 'सूक्ष्म खनिज पॅकेज', म्हणजे रक्तातली खनिजं मोजणारी तपासणी, घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या मीच मोबाइलवर बटण दाबलं. हिपॅटायटिस ए निघाला होता, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) दोन हजारांच्या आसपास. अंगात त्राण नाही म्हणजे काहीतरी कमी पडतंय, असा माझा सरळसोट हिशेब.

रक्त घ्यायला आलेल्या मुलीला पाच तारे. सकाळी उपाशीपोटी नमुना घेतला, कारण खाल्ल्यावर रक्तातलं झिंक खाली येतं. नेहमीच्या नळ्या बाजूला सारून गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी काढली. साध्या नळीच्या रबरी बुचातलं झिंक नमुन्यात मिसळू शकतं, म्हणाली. तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, म्हणून नळी अगदी हलक्या हाताने उलटीसुलटी केली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. आजारपणातही हे बघून बरं वाटलं.

रिपोर्ट वेळेत आला. झिंक ५२, तांबं १७१, लोह २१० (तिन्ही मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) १,८४०. सगळीकडे लाल बाण. खाली संगणकाने छापलेला सल्ला : झिंकची कमतरता, तीन महिने गोळ्या घ्या, तांबं आणि लोह शरीरात साठलंय. यकृताचा उल्लेख कुठेच नाही. फॉर्ममध्ये 'सध्याचा आजार' असा रकाना होता आणि मी तो भरलाही होता!

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "कावीळ उतरू द्या, मग बघू." नंतर त्यांनी जे समजावलं ते खरं तर या रिपोर्टमध्ये असायला हवं होतं. रक्तातलं बरंचसं झिंक अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून फिरतं. दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा निरोप जातो आणि यकृताच्या पेशी झिंक आत ओढून घेतात. रक्तात कमी दिसतं, पण ते शरीरातून गेलेलं असतंच असं नाही. तांब्याचं उलटं. ते मुख्यतः सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात असतं आणि दाहात यकृत तेच जास्त बनवतं. लोहाचं तर कोठारच यकृतात. पेशी फुटल्या की साठा रक्तात सांडतो. म्हणजे तिन्ही बाण एकाच आजाराचे, आणि यांनी मला तीन आजार छापून दिले.

चाचणीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. जुनाट हिपॅटायटिस किंवा सिरॉसिसमध्ये लघवीतून झिंक जात राहतं आणि खरी कमतरता होते. तिथे हाच आकडा उपयोगी पडेल. पण ऐन काविळीत मोजून त्यावर लगेच गोळ्या सुचवणं? जास्त झिंक बरेच दिवस घेतलं तर आतड्यात तांब्याचं शोषण अडतं, हेही कुठे लिहिलेलं नाही. गोळ्या मात्र हीच लॅब विकते.

दहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. झिंक ८४, तांबं ११२, फेरिटिन १४०. मधल्या काळात मी एकही गोळी घेतली नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांचा मेसेज आला : 'अभिनंदन, कोर्सचा फायदा दिसतोय, पुढचा डबा मागवा.'