कार्बन स्टीलचा पॅन सीझन करायचा आहे: गॅसवर की ओव्हनमध्ये?

कार्बन स्टीलचा नवा पॅन घेतला की सल्ले सुरू होतात आणि ते एकमेकांना छेद देतात. ओव्हनशिवाय सीझनिंग, म्हणजे पॅनवर तेल तापवून बसवलेला संरक्षक थर, टिकत नाही, असं एक जण ठामपणे सांगतो. दुसरा म्हणतो की गॅसवर थोड्या वेळात काम उरकतं, ओव्हन कशाला? तिसऱ्याचं सगळं लक्ष जवसाच्या तेलावर. माझं मत असं की दोन्ही पद्धतींनी चांगलं सीझनिंग होतं, पण दोन्ही प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात सारख्याच सोयीच्या नाहीत. निवड करताना आधी पॅनचा दांडा बघा, मग तुमची शेगडी. तेलाचा विचार त्यानंतर.

सीझनिंगमध्ये नेमकं काय घडतं हे कळलं, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. तेलाचा अगदी पातळ थर हवेत तापला की त्यातले असंतृप्त स्निग्ध रेणू ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि धातूवर कडक, कोरडा पापुद्रा तयार होतो. तो आता तेल राहिलेला नसतो, म्हणून भांडी घासायच्या साध्या साबणाने निघत नाही. यासाठी थर पातळ हवा आणि उष्णता पुरेशी हवी, एवढ्या दोनच अटी आहेत. गॅस आणि ओव्हन यांत फरक आहे तो ही उष्णता पॅनला कशी मिळते, याचा.

कुठलीही पद्धत निवडली तरी पहिलं काम एकच. कारखान्यातून निघताना पॅन गंजू नये म्हणून त्यावर मेणाचा किंवा तेलाचा थर दिलेला असतो. तो कडकडीत पाणी, साबण आणि घासणी यांनी पूर्ण काढायचा. मेणाचा थर जाड असेल तर पॅनमध्ये आधी पाणी उकळून घेतलं की ते सुटतं. हात फिरवल्यावर कुठेही बुळबुळीत लागायला नको. इथे घाई झाली तर वर केलेलं सीझनिंग धातूवर न बसता त्या मेणावर बसतं आणि काही दिवसांत सुटू लागतं. धुतलेला उघडा पॅन ओला ठेवायचा नाही. लगेच पुसून मंद आचेवर कोरडा करायचा, नाहीतर बघता बघता तांबूस डाग येतात. कंपनीने आधीच सीझन करून दिलेला पॅन असेल तर हे घासकाम करू नका. तो साधा धुऊन, पुसून वापरायला काढा.

गॅसवर

पॅन आधी मंद आचेवर तापू द्यायचा, मग आच वाढवायची. रिकामा पॅन एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर बूड फुगण्याची भीती असते, आणि पातळ पॅनला ती जास्त. तापमान वाढत गेलं की करडा धातू आधी पिवळसर, मग तपकिरी-जांभळा आणि शेवटी निळा होतो. पिवळसर छटा साधारण २२० अंश सेल्सियसच्या आसपास दिसते, निळी ३०० च्या आसपास. हे रंग धातूवर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या थराचे असतात. त्याला सीझनिंग म्हणता येणार नाही, पण उष्णता कुठे पोचली आणि कुठे नाही हे त्यावरून लख्ख दिसतं. सगळा पॅन निळा झालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. पातळ पॅनच्या बाबतीत तर मुळीच नको.

आता आच कमी करून पॅन थोडा निवू द्या. चिमट्यात धरलेल्या सुती फडक्याने काही थेंब तेल आतून सगळीकडे फिरवा, मग दुसरं कोरडं फडकं घेऊन ते पुसून काढा. पुसल्यावर पॅन जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. सीझनिंग बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण तेल जास्त राहणं हेच आहे, त्यामुळे या पुसण्यात अजिबात कंजुषी करू नका. पुन्हा आच वाढवा. धूर येईल, येऊ द्या. धूर थांबेपर्यंत थांबा, मग पुढचा थर. असे तीन-चार थर झाले की तपकिरी रंग धरतो.

या पद्धतीची खरी ताकद म्हणजे सगळं डोळ्यांसमोर होतं. कुठे तेल साचलं, कुठे धूर अजून निघतोय, कुठला भाग फिका राहिला, हे त्याच क्षणी दिसतं आणि तिथल्या तिथे सुधारता येतं. कमतरता म्हणजे कडा. स्टील उष्णता फारशी पसरवत नाही. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता साधारण एक पंचमांश असते. म्हणून ज्योतीवरचा मधला भाग काळा पडतो आणि बाजू फिकटच राहतात. त्यावर उपाय म्हणजे पॅन तिरका धरून प्रत्येक बाजू ज्योतीवर आणणं. मोठा, जाड पॅन असेल तर याने मनगट भरून येतं. धूरही थेट तोंडावर येतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू हवाच.

हे सगळं गॅसच्या ज्योतीबद्दल झालं. इंडक्शनवर चित्र बदलतं. तिथे फक्त कॉइलच्या वरचा भाग तापतो, बाजूंना जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि तापण्याचा वेग इतका असतो की बूड वाकायला वेळ लागत नाही. एकदा वाकलेला पॅन इंडक्शनवर किंवा सपाट काचेच्या शेगडीवर डुगडुगत राहतो. घरात फक्त इंडक्शन असेल आणि ओव्हनही असेल, तर मी दुसरा विचार न करता ओव्हन सुचवेन.

ओव्हनमध्ये

इथे उष्णता चारही बाजूंनी येते. पॅनची आतली बाजू, कडा, बाहेरची बाजू, स्टीलचा दांडा, सगळ्यावर एकसारखा थर बसतो. पॅन आधी कोमट करून घ्यायचा, तेल लावून पुसायचं, काही मिनिटं ओव्हनमध्ये तापवून पुन्हा एकदा पुसायचं. गरम झाल्यावर तेल पातळ होतं आणि लपलेलं जास्तीचं तेल वर येतं, म्हणून हे दुसरं पुसणं महत्त्वाचं. मग पॅन उपडा ठेवून २३० ते २५० अंशांवर तासभर, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचा. दोन-तीन फेऱ्या केल्या तर अर्धा दिवस जातो, पण त्यात तुमचं हाताचं काम थोडंच. धूर इथेही होतो, फक्त तो हळूहळू घरभर पसरतो.

अडचण आहे ती दांड्याची. लाकडी, प्लास्टिकचा किंवा सिलिकॉन चढवलेला दांडा या तापमानाला टिकत नाही. काही पॅनचा दांडा दिसतो स्टीलचा, पण त्यावर पातळ रंगाचा किंवा इपॉक्सीचा थर असतो आणि तोही तासभराच्या उष्णतेने खराब होतो. पॅनसोबतच्या पत्रकात ओव्हनची मर्यादा दिलेली असते. ती वाचल्याशिवाय पॅन आत ठेवू नका. आणखी एक साधी गोष्ट लोक विसरतात: कार्बन स्टीलच्या पॅनचा दांडा लांब असतो. छोट्या टेबलटॉप ओव्हनचं दार त्यामुळे लागतच नाही. तेल फासण्याआधी एकदा मोजून घ्या.

दुसरी अडचण म्हणजे आत काय चाललंय ते कळत नाही. तेल जास्त राहिलं असेल तर तासाभराने पॅन बाहेर काढल्यावर ठिपके आणि चिकट ओघळ दिसतात, तोवर ते घट्ट झालेले असतात.

ओव्हनचं सीझनिंग देखणं होतं यात शंका नाही, आणि त्या देखणेपणामुळेच लोक थरावर थर चढवत जातात. मला ते पटत नाही. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याला थर धरून ठेवायला जागा मिळते. कार्बन स्टीलचा पॅन बराच गुळगुळीत असतो. स्वयंपाक सुरू होण्याआधीच त्यावर पाच-सहा थर रचले तर एखाद्या दिवशी कालथ्याच्या टोकाने पोपडा निघतो. दोन थर द्या आणि पॅन कामाला लावा. पुढचे थर रोजच्या वापरातून बसतात आणि ते जास्त चिवट असतात.

तेलाचं काय

जवसाच्या तेलाची कीर्ती त्याच्या सुकण्याच्या गुणामुळे आहे. त्यात असंतृप्त मेदाम्लं भरपूर असल्याने ते लवकर आणि फार कडक सुकतं. तैलरंग आणि वॉर्निशमध्ये ते शतकानुशतकं वापरलं जातंय ते याचसाठी. पण कडक थर ठिसूळही असतो. पॅन रोज तापतो, प्रसरण पावतो, गार होतो, आकुंचन पावतो, आणि त्या ओढाताणीत जवसाचा थर पापुद्र्यांनी सुटतो अशी तक्रार फार जणांची आहे. शिवाय एक धोका सांगितलाच पाहिजे: जवसाच्या तेलाने माखलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर सुकताना त्यातून निघणारी उष्णता साठत जाते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. असं फडकं मोकळं पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला किंवा द्राक्षबियांचं तेल, यांतलं घरात असेल ते वापरा. सूर्यफुलाच्या तेलावर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं असेल तर ते वागायला ऑलिव्ह तेलाच्या जवळचं असतं आणि थर धरायला थोडा जास्त वेळ घेतं. खोबरेल तेल बहुतांशी संतृप्त असल्याने या कामाला कमी पडतं. लोण्यातले दुधाचे घन कण जळून डाग सोडतात, म्हणून सीझनिंगसाठी तेही नको.

बटाट्याची सालं, मूठभर मीठ आणि जरा जास्त तेल घालून परतत राहण्याची जुनी रीतही आहे. सालांबरोबर गरम तेल कडांपर्यंत चढतं, म्हणून गॅसवाल्यांना ती सोयीची. थर मात्र पातळ आणि धब्बेदार येतो. सुरुवात म्हणून ठीक.

मग कोणती?

दांडा पूर्ण उघड्या स्टीलचा, पॅन ओव्हनमध्ये सहज मावतो आणि शेगडी इंडक्शनची किंवा विजेची: ओव्हन. दांड्यावर लाकूड किंवा रंग आणि घरात गॅस: गॅसच. दोन्ही शक्य असेल तर मी पहिला थर ओव्हनमध्ये देऊन बाकीचं गॅसवर करेन, कारण कडा आणि बाहेरची बाजू एकदा झाकली गेली की गंजाची काळजी बरीच कमी होते. दांडा ओव्हनमध्ये चालत नाही आणि घरात फक्त इंडक्शन, अशी अवघड जोडी असेल तर मध्यम आचेच्या वर जाऊ नका. कडा फिक्या राहतील, त्या स्वयंपाकातून हळूहळू भरतात.

टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर घालून जे तासभर शिजवायचं त्यासाठी हा पॅनच नको. आम्ल दोन्ही पद्धतींचे थर सारखेच खातं, त्यासाठी स्टेनलेस स्टीलचं भांडं घ्या. सुरुवातीचे काही आठवडे कांदा परतणं, बटाटे तळणं अशी तेलाची कामं या पॅनला द्या. अंडी आणि मासे नंतर. धुतल्यावर आचेवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवून पुसून ठेवा. डिशवॉशर मात्र कायमचं वर्ज्य, कारण त्याची पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि थर सोलून काढते.

पुढे दुरुस्तीची वेळ येते तेव्हाही हाच हिशेब. मधे एखादा चट्टा उघडा पडला तर तेवढ्यासाठी ओव्हन तापवू नका, घासून गॅसवर एक थर द्या. पॅन चिकट लागत असेल तर तेल न लावता तसाच पुन्हा तापवा, अर्धवट राहिलेला थर पक्का होतो. सगळीकडे गंज चढला असेल तर मात्र धातू उघडा पडेपर्यंत घासा, आणि दांडा परवानगी देत असेल तर ओव्हनपासून नव्याने सुरुवात करा.