डलुथ कार्यक्रम: हिंसा करणारा पुरुष बदलतो का?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या डलुथ शहरात 1980च्या दशकाच्या आरंभी उभा राहिलेला, घरात हिंसा करणाऱ्या पुरुषांना गटवर्गांत बसवून त्यांचे वागणे बदलू पाहणारा हा कार्यक्रम आज अनेक देशांत अनुसरला जातो. मात्र त्याची परिणामकारकता त्याच्या लौकिकाइतकी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे मारहाण सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांतून 1984 साली साकारलेले ‘सत्ता आणि नियंत्रण’ चक्र. धमकावणे, एकटे पाडणे, पैशाच्या नाड्या आपल्या हाती ठेवणे, मुलांना वेठीस धरणे असे आठ प्रकार त्याच्या आऱ्यांमध्ये मांडलेले असून, शारीरिक व लैंगिक हिंसा ही त्या सर्वांना आवळून धरणारी बाहेरची धाव आहे. ‘रागाच्या भरात हात उठला’ ही सबब या आकृतीपुढे टिकत नाही.

परिणाम मात्र माफकच दिसतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 22 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशा उपचारांचा प्रभाव अल्प आढळला, तर फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक निवड करून झालेल्या प्रयोगात, 26 आठवड्यांच्या वर्गांना पाठवलेल्या आणि न पाठवलेल्या पुरुषांत लक्षणीय फरक पडला नाही. मूळ रचनेत पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्था एकत्र बांधलेल्या होत्या. ते बळ वगळून केवळ वर्ग उचलणे मला धोक्याचे वाटते, कारण नवरा ‘सुधारतो आहे’ या भरवशावर पत्नी घरी परतू शकते.

आपल्याकडे 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 14 दंडाधिकाऱ्यांना समुपदेशनाचा आदेश देण्याची मुभा देते. तो देताना पत्नीची खुशाली स्वतंत्रपणे विचारण्याची सोय आधी व्हावी.