छोट्या उपग्रहाचा रेडिओ: हॅम बँड, प्रयोगाचा परवाना की पोएम?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजला क्यूबसॅट, म्हणजे छोट्या डब्याएवढा उपग्रह, सोडायचा असेल, तर कॅमेरा आणि बॅटरी नंतर बघा. डेटा कोणासाठी, हे आधी ठरवा. परवाना त्यावरून ठरतो.

हेतू शिकण्याचा, डेटा सगळ्यांना खुला आणि पैशाचा संबंध नाही, तर हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना दिलेल्या फ्रिक्वेन्सी: १४५.८ ते १४६ आणि ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ. फ्रिक्वेन्सीचा समन्वय आयएआरयू ही हॅम मंडळींची जागतिक संघटना करते, तोही फुकट. उपग्रह आपल्या डोक्यावरून दहा-बारा मिनिटांत निघून जातो. बाकी वेळ जगभरचे हॅम त्याचा बीकन (ठरावीक वेळाने येणारा ओळखीचा सिग्नल) ऐकून तुम्हाला पाठवतात. ही मदत इतर वाटांवर सहसा मिळत नाही. मजकूर सांकेतिक ठेवता येत नाही, सूट फक्त उपग्रहाला द्यायच्या हुकमांना. टीममध्ये कॉलसाइनवाला, म्हणजे हॅम परवाना असलेला, हवाच. त्या परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, तेव्हा फर्स्ट इयरच्या पोरांना आत्ताच बसवा.

देवगडच्या ट्रॉलरवरच्या सेन्सरचे आकडे गोळा करून पुढे विकायचा बेत असेल, तर हॅम बँड विसरा. चाचणीपुरता डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाचा प्रयोगाचा परवाना. त्यात दुसऱ्याला व्यत्यय आला की गपचूप बंद करायचं, आणि तुम्हाला व्यत्यय आला तर तक्रारीला जागा नाही. तीन वर्षांच्या आतल्या मोहिमांसाठी २०१९च्या जागतिक रेडिओ परिषदेने १३७ आणि १४८ मेगाहर्ट्झच्या आसपास सोपी वाट करून दिली आहे, तीही तपासा.

‘हॅम म्हणजे कागद नाहीत’ हा गैरसमज मात्र काढून टाका. इन-स्पेस या आपल्याकडच्या अंतराळ परवानगी संस्थेची मान्यता आणि आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेकडची नोंद या दोन्ही वाटांना चुकत नाही. जानेवारी २०१८मध्ये स्वार्म या अमेरिकी कंपनीचे चार चिमुकले उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेले, तेही तिकडच्या एफसीसी या रेडिओ नियामकाने नाही म्हटल्यावर. दंड बसला नऊ लाख डॉलर.

पहिलीच खेप असेल तर माझं मत पोएमला. पोएम म्हणजे उपग्रह सोडून झाल्यावरही कक्षेत फिरत राहणारा पीएसएलव्हीचा चौथा टप्पा. त्यावर तुमचं उपकरण बसतं, डेटा त्याच्याच टेलिमेट्रीतून (जमिनीवर माहिती पाठवणाऱ्या यंत्रणेतून) येतो. स्वतःचा ट्रान्समीटर लावला नाही, तर फ्रिक्वेन्सीची कटकटच नाही. आयुष्य मात्र तोकडं: पोएम-३ हे १ जानेवारी २०२४ला गेलं आणि २१ मार्चला संपलं.

ग्राउंड स्टेशनला सड्यासारखी, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळ-पठारासारखी, जागा नाही, पश्चिमेला क्षितिजापर्यंत आडकाठी नाही. ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लरने, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, सिग्नल दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकतो, सॉफ्टवेअर ते सांभाळतं. खाऱ्या वाऱ्याचं तसं नाही. अँटेनाच्या कनेक्टरवर रबर टेप घट्ट गुंडाळा आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा.