श्यामची आई: मुलांना आधी पुस्तक द्यावं की आधी चित्रपट दाखवावा?

मे महिन्यात दापोलीकडे येणारे पाहुणे हर्णै-मुरूडचा समुद्र बघून झाला की पालगडला साने गुरुजींच्या घरीही जातात. परतताना त्यांच्यातल्या आयांचा एक प्रश्न हमखास असतो: आमच्या मुलाला आधी काय देऊ, पुस्तक की सिनेमा? या पुस्तकावर माझा लहानपणापासून जीव आहे आणि चित्रपटही मी पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर आधी पुस्तक, तेही तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलेलं. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट त्यानंतर, आणि २०२३ चा सुजय डहाके यांचा चित्रपट मूल आठवी-नववीत गेल्यावर. असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण अत्र्यांच्या चित्रपटावर माझं प्रेम आहे आणि तरीही तो बघून उठताना काहीतरी हातचं निसटल्यासारखं वाटतं.

गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्यांची आई १९१७ साली गेली होती. म्हणजे लिहिणारा माणूस तेहेतीस वर्षांचा आहे, आई जाऊन पंधरा वर्षं उलटलीत आणि तो अजून तिचं देणं फेडतो आहे. पुस्तकात आश्रमातली प्रार्थना संपते, सोबती गोळा होतात आणि मोठा झालेला श्याम सांगू लागतो. अशा बेचाळीस रात्री. प्रत्येक प्रसंगाला दोन श्याम असतात: एक तेव्हा हट्ट करणारा, रुसणारा, खोटं बोलणारा पोर, आणि दुसरा आज ते आठवून कळवळणारा माणूस. माझ्या लेखी पुस्तकाचा प्राण या दुसऱ्या श्याममध्ये आहे. अत्र्यांच्या चित्रपटात मनात राहतात ते आई आणि पोर. सांगणाऱ्याचा पश्चात्ताप पडद्यावर फारसा येत नाही, आणि माझी सगळी रुखरुख तिथेच आहे.

पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम पाण्याला घाबरून माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि विहिरीवर धाडते. पडद्यावर हे पाहताना अंगावर काटा येतो. माधव वझे या मुलाने श्याम असा केला आहे की त्याचं रडणं आपल्या घरातल्या पोराचं वाटतं. इथे चित्रपट पुस्तकाच्या तोडीस तोड आहे, थोडा पुढेच म्हणा. पण पुस्तकात मारानंतरचा भाग मोठा आहे. पोरगा पोहून येतो, मनातून अजून घुश्शात असतो, आणि आई त्याच्या अंगावर उठलेले वळ बघते. तिला पोराला मारायचं नव्हतं. उद्या लोकांनी त्याला भित्रा म्हणावं, हे तिला सोसणार नव्हतं. वाचताना मुलं इथे हमखास थांबवतात आणि विचारतात, मग तिने मारलं कशाला? या प्रश्नावर आमच्या घरी जेवण थंड होईपर्यंत बोलणं झालेलं आहे. सिनेमा तेवढा वेळ थांबत नाही, पुढचा प्रसंग येऊन ठेपतो.

वनमालाबाईंबद्दल लिहिताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये गाजलेली ही रूपवान नटी आई म्हणून उभी राहते आणि पहिल्या काही मिनिटांतच आपण ते सगळं विसरतो. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्यामने हट्ट धरावा आणि तिने आपलं लुगडं पसरावं, या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर जी माया आहे, ती शब्दांत उतरवायला लेखकालाही कष्ट पडले असते. १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं, त्यात या बाईंचा वाटा फार मोठा आहे असं मी मानते. पण पुस्तकातली आई इतकी भरदार नाही. ती अंगाने खंगत जाते. तापाने पडते, उठते, पुन्हा कामाला लागते. वनमालाबाई दुःखातही राजबिंड्या दिसतात, आणि ज्याने आधी सिनेमा पाहिला त्याला पुस्तकातली थकलेली यशोदा दिसणंच अवघड होऊन बसतं. आधी पुस्तक द्या म्हणण्याचं हे माझं सगळ्यात मोठं कारण. एकदा पडद्यावरचा चेहरा डोळ्यांत बसला की तो जात नाही. मुलाला स्वतःची आई त्या जागी बघायची संधी आधी मिळू दे.

आता गावाविषयी. पुस्तकातलं कोकण नेमकं आहे. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला भर पावसात घरी निघतो. वाटेत सोंडेघरचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, तुडुंब भरलेला. ज्यांनी आमच्याकडचा श्रावण-भाद्रपद पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं, तांबडंलाल, आणि तळातला दगड दिसत नाही. पोरगा त्यातून कोट जपत घरी पोचतो, आणि आईचा पहिला प्रश्न पैशांचा. कुणाचे घेतलेस? केवढा करारी प्रश्न आहे तो, आणि खरं कळल्यावर तिला झालेला आनंद केवढा! लाडघरच्या तामस्तीर्थाची एक अख्खी रात्र पुस्तकात आहे. पत्रावळ लावता येत नाही म्हणून वडिलांची बोलणी खाणारा श्याम आहे, परसातली फुलं आहेत, कळ्या खुडू नकोस म्हणणारी आई आहे. ही आमची वाडी, आमचं आगर. चित्रपटातलं गाव मला कोकणातलं कुठलंही गाव वाटतं, पालगड वाटत नाही. बाहेरच्या माणसाला हा फरक जाणवणार नाही कदाचित. मला जाणवतो.

अत्र्यांनी आपलं म्हणून जे आणलं त्यात ‘छडी लागे छम छम’ आहे. वसंत देसाईंची ती चाल ऐकली की आजही पहिलीतलं पोर उठून नाचतं. पुस्तकाचा एकंदर सूर डोळे पाणावणारा असल्यामुळे मुलांना अशा मोकळ्या हशाची गरज होती, आणि अत्र्यांसारख्या हसवणाऱ्या लेखकाने ती ओळखली. आशाबाईंचं ‘भरजरी गं पीतांबर’ तर आमच्या घराघरांत गेलं. गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांना हे ऐकायला मिळालं नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ज्या बाबतीत पुस्तकाला पर्याय नाही ती म्हणजे शेवटच्या दहा-बारा रात्री. खोताचं घर हळूहळू कर्जात बुडतं. तेल असेल तर मीठ नाही, सावकाराचा माणूस दारात, आणि शेवटी जप्तीची दवंडी. गरिबी एका दिवसात येत नाही. ती रोज थोडी थोडी आत येते, आणि पुस्तक तिला तसंच येऊ देतं. चित्रपटाला ते दोन-तीन तासांत उरकावं लागतं. शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या घरातल्या मुलांना हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो, असा माझा अनुभव आहे. हर्णैच्या बंदरावर होडीवरच्या कर्जाचं बोलणं ऐकत वाढलेल्या मुलाला ‘दवंडी’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

२०२३ चा चित्रपट ठरवून कृष्णधवल ठेवला आहे. त्यात ओम भूतकर मोठेपणीचे साने गुरुजी होतात, म्हणजे सांगणारा माणूस पडद्यावर परत येतो. अत्र्यांच्या चित्रपटात मला जे कमी पडतं ते इथे आहे म्हणून मी तो आवडीने पाहिला. गौरी देशपांडे यांची आई वनमालाबाईंपेक्षा साधी, घरातली वाटते. मात्र लहान मुलांना तो जड जातो. स्वातंत्र्यलढा म्हणजे काय, गुरुजी तुरुंगात का होते, हे थोडंफार ठाऊक असलेल्या मुलालाच तो दाखवावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गुरुजींच्या लेखनावरचा हक्क आता सगळ्यांना खुला झाल्यामुळे पुस्तक बऱ्याच प्रकाशकांनी काढलं आहे, त्यात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. घेताना अनुक्रमणिका उघडून बेचाळीस रात्री आहेत ना ते बघा. मुलांसाठी म्हणून छाटलेलं पुस्तक घेऊ नका. सोवळं, खोत, वतन असे शब्द अडतील, ते तिथल्या तिथे सांगा. मोळी घेतलेल्या म्हाताऱ्या महार बाईला मदत करायला आई श्यामला पाठवते आणि मग आंघोळ करायलाही सांगते. हा भाग गाळू नका, वाचून झाल्यावर मुलाशी त्यावर बोला. तिने त्या काळात किती पाऊल पुढे टाकलं आणि कुठे थांबली, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

पहिल्या रात्रीपासून क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. मी ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’, ‘श्यामचे पोहणे’ आणि ‘अळणी भाजी’ या रात्रींनी सुरुवात करते. पोरं एकदा रमली की मग मागे जाऊन सलग. आजारपणाच्या आणि शेवटच्या रात्री झोपायच्या वेळी वाचू नका, विशेषतः घरात कुणी आजारी असेल तर. रविवारी सकाळी वाचा. आणि सुट्टी दोन-चार दिवसांचीच असेल, एवढं वाचणं होणारच नसेल, तर या चार रात्री वाचून थेट अत्र्यांचा चित्रपट लावा. उरलेलं पुस्तक शाळा सुरू झाल्यावर, पावसात, रोज एक रात्र असं पुरं करा.